वजन नको, टेप कुठली ते सांगा

महोदय,

विनाइलच्या रेकॉर्डी बाजारात परत आल्याच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांत अधूनमधून येतात. त्यांत तबकडीचे वजन, रंग आणि प्रती किती काढल्या एवढेच असते. हाऊस या क्लबमधल्या नाचाच्या संगीताच्या जुन्या बारा इंची रेकॉर्डी सध्या पुन्हा निघत आहेत. परदेशातून मागवल्या तर टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून हिशेब बराच वर जातो. इतके पैसे मोजणाऱ्याला कळायला हवे ते वेगळेच आहे: आवाज कशावरून घेतला, खाच (सुई जिच्यातून फिरते ती तबकडीवरची रेघ) कशी कापली आणि पैसे कोणाला पोहोचले.

पहिला मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, कारण या संगीताचा जन्मच गरिबीतला. शिकागोच्या वेअरहाऊस क्लबमध्ये फ्रँकी नकल्स रेकॉर्डी वाजवत असत. त्या क्लबवरूनच ‘हाऊस’ हे नाव आले, असे मानले जाते. १९८०च्या दशकात तिथल्या ट्रॅक्स रेकॉर्ड्सने या संगीतातल्या अनेक पायाभूत रेकॉर्डी काढल्या. मात्र त्या ज्या प्लास्टिकवर दाबल्या गेल्या ते बरेचदा जुन्या रेकॉर्डी दळून पुन्हा वापरलेले असे. त्यामुळे कोरी प्रतही पहिल्याच वाजवण्यात चरचरते. ‘मूळ प्रत तीच उत्तम’ हा संग्राहकांचा नियम इथे लागू पडत नाही. मास्टर टेपवरून, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाच्या टेपवरून, नीट कापलेली नवी आवृत्ती मूळ प्रतीपेक्षा सरस असू शकते.

पण टेप हरवली असेल तर? मग एखादी जुनी रेकॉर्ड वाजवून तिचाच आवाज घेतला जातो. हे ओळखता येते. गाणे सुरू होण्याआधीचे दोन-तीन सेकंद कान देऊन ऐका. तिथली खाच शांत असेल आणि गाण्याबरोबरच चरचर सुरू होऊन गाण्याबरोबरच विरत असेल, तर ती स्रोतातली आहे. कितीही धुतली तरी ती जाणार नाही. प्रत बदलून घेऊनही उपयोग नाही, प्रत्येक प्रतीत ती त्याच जागी असेल. अशी आवृत्ती काढणे हा गुन्हा नव्हे, कधीकधी दुसरा मार्गच नसतो. पण तसे कव्हरवर छापले पाहिजे.

आता खाचेबद्दल. बास, म्हणजे खालचे स्वर, जितका जास्त आणि आवाज जितका मोठा, तितकी खाच रुंद झोके घेते आणि एका बाजूवर मावणारा वेळ घटतो. मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाने नऊ-दहा मिनिटे, ३३ला तेरा-चौदा मिनिटे, इथपर्यंत बारा इंची तबकडी दमदार वाजते. एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे कोंबली की आवाजाची पातळी खाली आणावी लागते आणि नाचायच्या संगीताचा जीवच जातो. शिवाय ३३ फेऱ्यांवर बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम २१. म्हणून बाजूच्या शेवटच्या गाण्यात हाय-हॅटची, म्हणजे ड्रमसोबतच्या झांजांची, धार बोथट होते, ‘त्स’चे ‘श्श’ होते. रेकॉर्ड तपासायची असेल तर पहिले गाणे ऐकू नका, शेवटचे ऐका. खालचे स्वर दोन्ही कानांत सारखे, म्हणजे मोनो ठेवलेले हवेत. तसे नसेल तर खाच मध्येच उथळ होते आणि सुई उडते. संगणकावर ऐकण्यासाठी आवाजाचे चढउतार दाबून सपाट केलेली फाइल तशीच कापायला पाठवली की आवाज फाटतो.

१८० ग्रॅमच्या जड तबकडीचा यात काही वाटा नाही. खाच १४० ग्रॅमच्या तबकडीतही तितकीच खोल असते.

दाबताना राहणारे दोष निराळे. साचा पुरेसा तापला नाही किंवा घाई झाली की प्लास्टिक खाचेत पूर्ण भरत नाही आणि चेन ओढल्यासारखा ‘झर्र’ आवाज येतो. भोक मध्यभागी नसेल तर टोनआर्म (सुईचा दांडा) प्रत्येक फेऱ्याला डावी-उजवीकडे डुलतो आणि लांबलेले सूर लाटेसारखे हलतात. हे दोन्ही घरी दुरुस्त होत नाहीत. छोटा व्हिडिओ काढून विक्रेत्याकडे बदली मागावी. मागवतानाच सांगावे की तबकडी कव्हरच्या बाहेर काढून, त्याच्या मागे ठेवून पाठवा, म्हणजे कव्हरची कड फाटत नाही. मऊ पीव्हीसीच्या पिशवीत रेकॉर्ड ठेवू नये. आपल्याकडच्या उष्म्यात तिचा अंश तबकडीवर उतरतो आणि धुरकट डाग कायमचा राहतो. पॉलिप्रॉपिलीनची पिशवी चालते. डिस्टिल्ड पाण्यात थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून विनाइल पुसता येते, पण त्याच फडक्याने घरातल्या नाट्यगीतांच्या ७८च्या तबकड्या मुळीच पुसू नयेत. त्या लाखेच्या असतात आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते.

राहिले पैसे. हाऊसचे संगीतकार लॅरी हर्ड आणि गायक रॉबर्ट ओवेन्स यांनी २०२०मध्ये ट्रॅक्सवर दावा लावला आणि २०२२च्या तडजोडीत आपल्या गाण्यांचे हक्क परत मिळवले. ती गाणी १९८०च्या दशकातली. त्याच गाण्याच्या दोन आवृत्त्या समोर असतील तर कलावंताच्या संमतीने निघालेली घ्यावी, चार पैसे जास्त पडले तरी.

हा विषय मुंबईला परका नाही. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२मध्ये रोलँडच्या टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ या इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले आणि एचएमव्हीने ती रेकॉर्ड काढली. ३०३मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. रागाला लागणारी मींड त्यांनी तिच्यातून काढली. तेच यंत्र शिकागोत फ्यूचर या गटाने १९८७च्या अॅसिड हाऊसच्या (हाऊसचाच एक प्रकार) रेकॉर्डीत वापरले. शिकागोकरांनी मुंबईची रेकॉर्ड ऐकली होती असा पुरावा नाही आणि तसा दावा करूही नये. २०१०मध्ये ती पुन्हा निघाली ती एका डच रेकॉर्ड कंपनीकडून. त्या काळच्या आणखी रेकॉर्डी कंपन्यांच्या कपाटांत असतील, तर त्या काढताना मागच्या बाजूला दोन ओळी छापाव्यात: आवाज टेपवरून घेतला की तबकडीवरून, आणि खाच कोणी कापली. आपल्या वृत्तपत्रानेही नव्या रेकॉर्डीची बातमी देताना कंपनीला हे दोन प्रश्न विचारावेत, ही विनंती.

आपले,
हाऊसच्या रेकॉर्डी वाजवणारे काही वाचक, पुणे