अक्का, तुझ्यामुळं नाटक-कादंबरीचा पेपर चांगला गेला

अक्का, फोनवर आभार मानायला गेलं की तू "असूदे गं" म्हणून विषय बदलतेस, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितेय. एम.ए. मराठीचा नाटक-कादंबरीचा पेपर चांगला गेला आणि तो तुझ्यामुळंच गेला.

खानापूरहून बेळगावला बसनं ये-जा करत शिकणाऱ्या आमच्यासारख्यांना उजळणी म्हणजे कथानक, पात्रांची नावं आणि सालं पाठ करणं एवढंच वाटतं. तू पहिल्याच दिवशी नोट्स बाजूला ठेवायला लावल्यास आणि विचारलंस, 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये स्टेजवर कोण येतच नाही सांग बघू? प्रोफेसर दामले! सगळं प्रकरण ज्याच्यामुळं झालं तो माणूस शेवटपर्यंत येत नाही आणि पिंजऱ्यात उभी राहते एकटी बेणारेबाई. एवढं एक धरून वाचायला बसले तर रात्रीच्या प्रयोगाआधी वेळ घालवायला सुरू केलेला खोटा खटला खरा कसा होत जातो ते पानापानावर दिसायला लागलं, आणि मग पाठ करायला काही उरलंच नाही गं.

कादंबरीला तुझा प्रश्न वेगळा, गोष्ट कोण सांगतंय आणि तो कुठं उभा आहे? 'बनगरवाडी'त सांगणारा मास्तर बाहेरनं आलेला, म्हणून धनगरांचं सगळं जगणं त्याच्याबरोबर आपल्यालाही नवं दिसतं. 'कोसला'त पांडुरंग सांगवीकर स्वतःचंच सांगतो. त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणाचा भाग तू मोठ्यानं वाचायला लावलास, मला पुढं वाचवेना तेव्हा तू पुस्तक घेऊन पुढचं वाचलंस, ती संध्याकाळ मी विसरणार नाही. 'रणांगण' मात्र माझं सगळ्यात आवडतं झालं, 1939 ची कादंबरी, जर्मनीतनं हाकललेल्या ज्यूंना घेऊन निघालेली बोट, आणि आज वाचताना पण अंगावर येते.

'तुघलक' तेंडुलकरांच्या मराठीत माझ्या हातात आणि कर्नाडांचं मूळ कन्नड तुझ्या हातात, असं समोरासमोर बसून वाचायला मिळणं आपल्या भागातच जमतं. सुलतानावर खटला जिंकणारा तो ब्राह्मण म्हणजे खरा अझीझ धोबी, हे कळल्यावर आपण दोघी मागं जाऊन पहिला प्रवेश परत वाचला, आणि पेपरात नेमकं त्याच्यावरच मी सगळ्यात जास्त लिहिलं! किर्लोस्करांवर लिहिताना पण तुझीच आठवण झाली, 'सौभद्र' लिहिणारे अण्णासाहेब आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, हे तू केवढ्या अभिमानानं सांगितलेलंस.

शाळा, घर, सासूबाईंची औषधं हे सगळं बघून तू मला वेळ दिलास, कधी कंटाळली नाहीस, एक रुपया घेतला नाहीस. खूप खूप आभार अक्का. तुझी पुस्तकं कव्हर घालून ठेवलीत, रविवारी आणून देते, फक्त 'रणांगण' अजून थोडे दिवस राहूदे माझ्याकडं.