विस्कॉन्सिनचं मचाण आणि आमची जागल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रोही (नीलगाय), रानडुकरं आणि चितळांनी केलेल्या पिकांच्या नासाडीवर आपल्याकडे वाचकांची पत्रं येत आहेत, ती मी रोज वाचते. त्यांतल्या दोघांनी विचारलं आहे की अमेरिकेत शेतकरी स्वतःच्या जमिनीत मचाण बांधून हरणं मारतो, मग आपल्या शेतकऱ्यालाच बंदी का? मी त्याच अमेरिकेत राहते. विस्कॉन्सिन राज्यातल्या रिचलंड काउंटीत, म्हणजे इथल्या जिल्ह्यात, माझी चाळीस एकर जमीन आहे आणि तिच्यावर असं एक मचाण आहे. लग्न होईपर्यंत मी वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या बोरच्या जंगलाला लागून असलेल्या गावात वाढले. आमच्याही वावरात मचाण होतं. मी दोन्हींवर बसले आहे, म्हणून हे पत्र.

आमचं मचाण म्हणजे चार बल्ल्या, त्यांवर बांबू, बांबूंवर तुराट्या आणि वर एक फाटकी ताडपत्री. तूर शेंगेवर आली की बाबा जागलीला जायचे ते पीक घरात येईपर्यंत. कंदील, घोंगडी आणि वाजवायला तेलाचा रिकामा डबा. शाळेला सुटी असली की मीही जायची. रात्री दोन-अडीचला धुऱ्याकडून, म्हणजे बांधाकडून, पाला मोडल्याचा आवाज आला की बाबा डबा बडवायचे, मी ओरडायची, आणि शेजारच्या वावरातून शेजाऱ्याची हाळी यायची. एकेका रात्री असे चार-पाच वेळा उठावं लागे. बाबा माळकरी. एकदा चितळांचा कळप सहा तासं साफ करून गेला तेव्हा मी रडले. ते म्हणाले, “खाऊ दे व माय, त्यायलेबी पोट हाये.” पण त्या वर्षी माझ्या भावाची फी भरायला त्यांनी आईच्या पाटल्या गहाण टाकल्या, हेही मी पाहिलं आहे. म्हणून शहरात बसून ‘मुक्या प्राण्यांना मारू नका’ एवढंच लिहिणाऱ्यांचं मला पटत नाही. जागलीची एक रात्र त्यांनी काढलेली नसते.

आता इथलं मचाण. ते लोखंडी शिडीचं आहे, पंधरा फूट उंच, एका जुन्या ओकच्या खोडाला पट्ट्यांनी आवळलेलं. वर एका माणसापुरती बैठक आणि पुढे बंदूक टेकवायला आडवी दांडी. ते माझं नाही, शेजारच्या डेअरीवाल्या आजोबांचं आहे. माझे यजमान होते तोवर आमच्या जमिनीवर शिकार होत नव्हती. ते गेल्यावर दुसऱ्या वर्षी राज्याचे एक वनतज्ज्ञ जंगल बघायला आले. त्यांनी मला वाकून ओकची गुडघ्याएवढी रोपटी दाखवली. प्रत्येकाचा शेंडा खुडलेला होता. वर दीडशे वर्षांची झाडं, खाली ही रोपटी, मधल्या वयाचं एकही झाड नाही. हरणं शेंडा वर येऊच देत नाहीत. दक्षिण विस्कॉन्सिनच्या या भागात लांडगे जवळजवळ नाहीत, वाघ-बिबट्याचा तर प्रश्नच नाही. मी महिनाभर विचार केला, बाबांच्या माळेची आठवण काढली आणि शेवटी आजोबांना हो म्हटलं. तो निर्णय मला हलका गेला नाही, आजही जात नाही.

पण हो म्हटल्यावर जे कळलं, ते आपल्या पत्रलेखकांपर्यंत पोचलेलं दिसत नाही. पहिली गोष्ट अशी की जमीन माझी असली तरी तिच्यावर चरणारं हरीण माझं नाही. इथल्या कायद्यानुसार वन्यप्राणी राज्याच्या मालकीचे आहेत. मला स्वतःला माझ्याच जमिनीत हरीण मारायचं असेल, तरी इतरांसारखाच परवाना काढावा लागतो. १ जानेवारी १९७३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला साधारणपणे आधी शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचा दाखला लागतो. बंदुकीचा मुख्य हंगाम अवघा नऊ दिवसांचा, नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारपासून. धनुष्यबाणाचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यापासून असतो. बंदूक सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून चालते, आणि अंधार पडला की बंद. कंबरेच्या वरचे निम्म्याहून अधिक कपडे भगभगीत नारिंगी असावे लागतात. नारिंगीची सक्ती १९८०पासून आहे, गुलाबीही चालेल हे २०१६त ठरलं. हरणाला तो नारिंगी रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही, माणसाला मात्र फर्लांगभरावरून दिसतो. हरीण पडलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत त्याची नोंद करावी लागते. मांस घरी खा, वाटा, गरिबांच्या धान्यकोठीला द्या, विकायचं मात्र नाही.

या विक्रीबंदीमागे इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात इथे रानातलं मांस आणि कातडी गाड्या भरभरून शहरांच्या बाजारात जात असत. १९००च्या सुमाराला साऱ्या देशात पांढऱ्या शेपटीची हरणं काही लाखांवर आली होती. त्याच वर्षी बेकायदा मारलेली शिकार राज्याबाहेर विकण्यावर केंद्राचा कायदा झाला. मग १९३७मध्ये बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राज्यांना द्यायचं ठरलं. तो कर आजही चालू आहे. आज दिसणारी कोट्यवधी हरणं या बंदीतून आणि या पैशातून पुन्हा उभी राहिलेली आहेत. केवळ बंदूक हातात दिल्यामुळे इथे काही सुधारलं असं कुणी समजत असेल, तर बंदूक आधीही प्रत्येकाच्या हातात होतीच, आणि हरणं त्याच काळात संपत आली होती.

दरवर्षी ऑगस्टात आजोबा येतात तेव्हा सोबत कागद आणतात. कोण येणार, कोणत्या दिवशी, गाडी कुठे लावणार, गोळी कोणत्या दिशेला झाडायची नाही. माझं घर आणि पूर्वेचा रस्ता ही ती दिशा. मी सही करते. मग ते मचाणाच्या पट्ट्या तपासतात, कारण उन्हापावसाने त्या कुजतात आणि इथे शिकाऱ्यांना होणाऱ्या दुखापतींत मचाणावरून पडण्याच्याच घटना फार. वर चढताना अंगात पूर्ण पट्टा, तो झाडाच्या दोराला अडकवलेला, आणि बंदूक रिकामी करून मागाहून दोरीने वर ओढायची. जखमी हरीण धुरा ओलांडून दुसऱ्याच्या जमिनीत गेलं तर त्या मालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही, मग तिथे पाटी असो वा नसो.

धुऱ्याचं महत्त्व मी इथल्या लोकांकडून शिकले नाही. विदर्भातल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. वीतभर धुऱ्यावरून डोकी फुटलेली आपण पाहिली आहेत. पण इथलीही एक घटना सांगते. २१ नोव्हेंबर २००४ला, बंदुकीच्या हंगामाच्या दुसऱ्या दिवशी, याच राज्याच्या उत्तरेला सॉयर काउंटीत एक ह्मोंग (आग्नेय आशियातून आलेल्या समाजातला) शिकारी दुसऱ्याच्या खासगी जमिनीवरच्या मचाणावर बसलेला मालकांना आढळला. शब्दाने शब्द वाढला. त्याला वंशावरून शिव्या दिल्या गेल्या असं त्याने सांगितलं, पहिली गोळी कोणाची यावरही दोन बाजूंची दोन सांगणी होती. सहा माणसं मेली, दोन जखमी झाली, आणि पुढच्या वर्षी त्याला सहा जन्मठेपा झाल्या. आम्ही तेव्हा या राज्यात नवे होतो. यजमानांच्या कचेरीतल्या एकाने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, “नोव्हेंबरात रानात फिरायला जाऊ नका, तुम्ही सावळे आहात.” ते वाक्य माझ्या घरात कित्येक वर्षं राहिलं. इतके नियम, इतकं शिक्षण, इतकी मोकळी जमीन, आणि तरी एका मचाणावरून हे घडलं.

आता हेच चित्र सेलूत उभं करून पाहा. इथे शिकार उजेडात होते. आपल्याकडे जनावर वावरात शिरतं ते मध्यरात्री. इथे माझ्या चाळीस एकरांत त्या नऊ दिवसांत एक माणूस असतो, नारिंगी कपड्यांतला, आणि तो कुठे बसला आहे हे मला माहीत असतं. आमच्या शिवारात दोन-चार एकरांचे तुकडे, आणि हंगामात जवळजवळ प्रत्येक तुकड्यावर कुणीतरी जागलीला, काळ्या घोंगडीत, दिवा विझवून. रायफलची गोळी मैलभरही जाऊ शकते. ती पऱ्हाटीत थांबत नाही. धुऱ्यावरून आवाज आला म्हणून कुणी अंधारात गोळी झाडली, तर पलीकडे चितळ असेल की शेजाऱ्याचा पोरगा, हे कळायला मार्ग नाही. मी आणि बाबा त्या अंधारात बसायचो. मला हा प्रश्न कागदावर नुसता वाचता येत नाही.

शिवाय आमच्या शिवारापलीकडे वाघ आहे. बोर २०१४मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. चितळ आणि रानडुक्कर हे त्याचं खाणं. ते कमी झालं की तो गोठ्याकडे वळेल. रोही आणि रानडुक्कर मारण्यासाठी आपल्याकडेही वनखात्याची परवानगी मिळू शकते, हे मला ठाऊक आहे, आणि जिथे नुकसान फार आहे तिथे ती वेळेत मिळावी असंच माझं मत आहे. चितळांचं रान त्यात ओढू नये.

इथून काही न्यायचंच असेल तर मला वाटतं ते हे न्यावं. माझ्या पंधरा एकरांत शेजारी सोयाबीन लावतात. हरणं त्याचेही शेंडे खातात, थेट आपल्याकडच्यासारखे. नुकसान झालं की ते काउंटीला फोन करतात. तिथला माणूस शेतात येऊन पाहणी करतो, कुंपण किंवा दुसरा उपाय सुचवतो, आणि ठरल्या नियमाने भरपाई मिळते. तो पैसा मुख्यतः शिकाऱ्यांच्या परवान्यांतून येतो, आणि बदल्यात शेतकऱ्याने आपली जमीन शिकारीसाठी खुली ठेवावी लागते. हरीण राज्याचं आहे हे एकदा कायद्यात लिहिल्यावर त्याने खाल्लेल्या पिकाची जबाबदारीही त्यांनी अशी वाटून घेतली. वन्यप्राणी आपल्याकडेही सरकारचेच आहेत. माझा भाऊ आजही ते वावर करतो. दोन वर्षांपूर्वी रानडुकरांनी त्याचा अर्ध्या एकरातला हरभरा उकरला. तीन खेपा घातल्यावर पंचनामा झाला. तोवर उकरलेल्या जागी त्याने नांगर फिरवला होता, कारण रिकामं वावर ठेवणं त्याला परवडत नाही, आणि मग ‘नुकसान दिसत नाही’ असा शेरा पडला. त्याने ना बंदूक मागितली ना विष घातलं. पण पलीकडच्या गावात कुणी तारेत उघडा करंट सोडला होता, त्यात आधी एक सांबर मेलं आणि मग एक बाई. पंचनामा चार दिवसांत झाला असता, जागलीच्या रात्रींची काही मजुरी धरली गेली असती, झटका कुंपणाचं अनुदान खरोखर धुऱ्यापर्यंत पोचलं असतं, तर ती तार कुणी लावली नसती असं मला वाटतं.

मांसाबद्दल एक सांगायचं राहिलं. ‘निदान गरिबाच्या पोटात जाईल’ असं एका पत्रात होतं. २००२मध्ये विस्कॉन्सिनच्या हरणांत एक झिजवणारा रोग पहिल्यांदा सापडला. जनावर वाळत जातं, लाळ गाळतं, मरतं; औषध नाही, लस नाही. आमचा भाग त्याच्या ऐन पट्ट्यात आहे. आजोबा हरीण पडल्यावर त्याचं मुंडकं पिशवीत घालून तपासणीच्या पेटीत ठेवून येतात आणि निकाल येईपर्यंत मांसाला हात लावत नाहीत. मागच्या वर्षी निकाल वाईट आला. एवढं मोठं नर हरीण त्यांनी टाकून दिलं, आणि त्या दिवशी ते माझ्या ओट्यावर बराच वेळ काही न बोलता बसले होते. मी चहा केला. मारलेल्या जनावराचं त्यांना काही वाटत नसेल असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. ते चूक होतं.

यंदाचा कागद माझ्या टेबलावर आहे. आजोबा ऐंशीच्या पुढे गेले, शिडी आता त्यांचा नातू चढणार म्हणून त्याच्या दाखल्याची प्रत सोबत जोडली आहे. मी तो कागद वाचला आणि एका ओळीवर अडले. गोळी न झाडण्याच्या दिशांत त्यांनी दक्षिण लिहिलेली नाही, आणि गेल्या उन्हाळ्यापासून दक्षिणेच्या धुऱ्यापलीकडे एक नवं कुटुंब राहायला आलं आहे, दोन लहान मुलं आहेत. ती ओळ घालून घेते, मग सही करीन. आपल्याकडे शिकारीची परवानगी मागणाऱ्या प्रत्येक अर्जावर धुऱ्यापलीकडे रात्री कोण बसतं, हे विचारणारी एक ओळ असावी, आणि आपल्या वृत्तपत्राने ती मागणी लावून धरावी, ही विनंती.

आपली वाचक,
रिचलंड काउंटी, विस्कॉन्सिन
(माहेर : ता. सेलू, जि. वर्धा)