सूचना : नव्या सदस्यांसाठी योग्य सभेची निवड

सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, दारूपासून दूर राहू इच्छिणाऱ्या नव्या सदस्यांना एकमेकांना आधार देणाऱ्या गटांच्या सभांपैकी आपल्याला मानवेल अशी सभा निवडता यावी, यासाठी येत्या रविवारी सायंकाळी ६ वाजता नेहमीच्या खोलीत अर्धा तास राखून ठेवला आहे. जुन्यांपैकी दोघांनी पावणेसहालाच दाराशी थांबावे. पहिल्यांदा येणारा माणूस पुष्कळदा कडीला हात लावून तसाच मागे फिरतो.

१. बंद सभा केवळ दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असते. खुल्या सभेला घरची माणसेही येऊ शकतात.

२. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेत शुल्क नसते आणि दारू सोडण्याची इच्छा एवढीच सदस्यत्वाची अट असते. तेथील ‘उच्च शक्ती’ची, म्हणजे आपल्याहून मोठ्या, देवासारख्या शक्तीवर भरवसा ठेवण्याची भाषा ज्यांना रुचत नाही, त्यांनी स्मार्ट रिकव्हरीसारख्या, अध्यात्माचा आधार न घेणाऱ्या गटाचा खुशाल विचार करावा.

३. एकाच सभेवरून मत बनवू नये. प्रत्येक गटाचा स्वभाव निराळा असल्यामुळे निदान चार-पाच ठिकाणी बसून पाहावे.

रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकाएकी दारू बंद करू नये, कारण त्यातून झटके येऊन प्रसंगी जिवावर बेतू शकते.

सभेत ऐकलेली नावे व हकिकती कोणीही बाहेर सांगू नयेत.