साडेआठचं ताट

सहकारनगर, पुणे
रविवार, सकाळी

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी रात्री तू ऑफिसच्या तपासणीचा रिपोर्ट पाठवलास आणि खाली लिहिलंस, "आई, सगळं नॉर्मल आहे ना? झोपतो आता." तेव्हा सव्वाबारा वाजले होते. शुक्रवारी फोन केला तर तू भूमकर चौकात अडकलेला, मागे हॉर्नचा कल्ला. तशात हे बोलता आलं नसतं, म्हणून कागद घेऊन बसले आहे. बाबा पेपर वाचतायत, त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.

28 वर्षं लोकांच्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढलं, त्यामुळे रिपोर्ट हातात आला की डोळे आपोआप जिथे जायचे तिथे जातात. निदान करणं डॉक्टरांचं काम, माझं नव्हे. पण तीन ओळींपाशी मी थांबले. साखरेची तपासणी एचबीएवनसी 5.9, म्हणजे थोडी वर, आणि बी-12 168 व ड जीवनसत्त्व 11, दोन्ही कमी. बाकीचं सगळं, हिमोग्लोबिन, थायरॉइड, किडनी, छान आहे.

पहिला आकडा नीट समजून घे. रक्तातली साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटत राहते. अशी एक पेशी साधारण 120 दिवस जगते, म्हणून या तपासणीत गेल्या दोन-तीन महिन्यांची साखर कळते. गणपतीतल्या मोदकांवर ढकलता येणार नाही. 5.7 च्या खाली असेल तर ठीक. 6.5 पासून पुढे मधुमेह. मधला पट्टा उंबरठ्याचा. तू उंबरठ्यावर उभा आहेस, घरात शिरलेला नाहीस, आणि इथून मागे फिरता येतं. आणखी एक सांगते, जे रिपोर्टवर लिहिलेलं नसतं. बी-12 किंवा लोह कमी असेल तर हा आकडा खऱ्यापेक्षा थोडा वर दिसू शकतो. तेव्हा एकट्या 5.9 ला घाबरायचं नाही. उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर बघायची, मग बोलायचं.

तू म्हणशील, मी तर इतका बारीक. लॅबमध्ये हे वाक्य मी किती तरुण मुलांच्या तोंडून ऐकलंय. आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी एकसारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. आपल्या माणसांचं असंच असतं. दिसायला सडसडीत, पण स्नायू कमी आणि चरबी पोटाच्या आत. वजनकाटा आपल्याला फसवतो. त्यापेक्षा टेप घे आणि बेंबीच्या पातळीवर घेर मोज. आपल्याकडच्या पुरुषांचा तो 90 सेंटिमीटरच्या आत हवा. पँटचा नंबर धरू नकोस, पँट पोटाच्या खाली बांधलेली असते.

तुझे बाबाही बारीकच होते. तू अकरावीत असताना ते माउलींच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत चालत गेले, आठवतंय? दिवेघाट चढून, पावसात भिजून, केवढे खुशीत घरी आले होते. दारात बसून बूट काढले तर उजव्या टाचेचा मोजा रक्ताने चिकटलेला. फोड येऊन, फुटून, कातडी गेली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. "अगं, दुखत नाहीये," म्हणाले. ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला, कारण तेवढ्या जखमेने माणसाने कळवळायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना लॅबमध्ये नेलं आणि रक्त मीच काढलं. उपाशीपोटीची साखर 214. साखर काही त्या महिन्यात वाढली नव्हती. कितीतरी वर्षं वाढत होती आणि पायाच्या नसा बधिर करत होती. मी रोज साठ-सत्तर लोकांचं रक्त घेत होते आणि घरातल्या माणसाचं एकदाही घेतलं नव्हतं. हे मला आजही सलतं. ती जखम भरायला चार महिने लागले. तुझी बारावी जवळ येत होती म्हणून "बाबांच्या पायाला लागलंय" एवढंच तुला सांगितलं. आज खरं सांगते, कारण आईवडिलांपैकी एकाला मधुमेह असला की मुलाचा धोका वाढतो, आणि तुझ्या बाबतीत मला पुन्हा उशीर करायचा नाही.

आता तुझा दिवस. गणपतीत चार दिवस इथे होतास, तेव्हा मी बघत होते. अमेरिकेचा कॉल नऊला सुरू होतो आणि "झाल्यावर जेवतो" म्हणतोस. जेवायला साडेदहा-अकरा. तुझ्याकडे वाकडला तर ते बाहेरून मागवलेलं, मैद्याचं, तेलकट. जेवलास की आडवा, मग एकपर्यंत मोबाइल. पहाटे छातीत जळजळ. उठल्याउठल्या पित्ताची गोळी. पोट जड म्हणून नाश्ता नको, नुसती कॉफी. दिवसभरात चार-पाच कॉफ्या, शेवटची सहा वाजता. अंगातलं कॅफीन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाच्या कॉफीतलं निम्मं अकरालाही जागं असतं. मग झोप येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच चक्र.

पित्ताची ती गोळी तू दोन वर्षं रोज घेतोयस, हे मला यंदा कळलं. अन्नातलं बी-12 सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं. ते आम्लच आपण रोज दाबून ठेवतो. त्यात आपण शाकाहारी, आणि तू दूध सोडलेलं. बी-12 पालकात नसतं, मोड आलेल्या मटकीत नसतं. ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतच मिळतं. पुण्यात आणि आसपासच्या खेड्यांत पुरुषांच्या तपासण्या झाल्या, तेव्हा निम्म्याहून अधिकांचं बी-12 कमी निघालं होतं. त्यामुळे तुझा 168 पाहून मला नवल वाटलं नाही, वाईट मात्र वाटलं. गोळी एकदम बंद करू नकोस, जळजळ उसळून येते. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी कर. बी-12 आणि ड च्या गोळ्याही त्यांनीच लिहून द्यायच्या, मोबाइलवरून मागवायच्या नाहीत.

बघ ना, अपचन, गोळी, बी-12, कॉफी, झोप, साखर, सगळं एका दोऱ्यात ओवलेलं आहे आणि त्या दोऱ्याचं टोक रात्रीच्या अकराच्या ताटात आहे. म्हणून मी तुला दहा गोष्टी करायला सांगत नाही. जिम लाव, सकाळी पाचला ऊठ, साखर सोड, असलं काही नाही. एकच मागणं. रात्रीचं ताट साडेआठला. कॉलच्या आधी, नंतर नाही. तीन आठवडे एवढंच कर.

जेवून उठलास की शतपावली. आजी रोज म्हणायची आणि आपल्याला ते जुन्या काळचं वाटायचं, पण त्यातलं कारण अगदी साधं आहे. चालताना मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, इन्सुलिनची फारशी वाट न बघता. शंभर पावलांवर मात्र थांबू नकोस, दहा-पंधरा मिनिटं चाल. तुमच्या सोसायटीच्या आत तीन चकरा मारल्यास की पुरे. कॉलची पहिली पाच मिनिटं नुसती ऐकायचीच असतील, तर कानात लावून चालतच ऐक.

ताटात काय, ते तुमच्या स्वयंपाकाच्या मावशींना मी फोनवर सांगीन. आठवड्यातून चारदा उसळ, रोज काहीतरी कोशिंबीर, एका वेळेला ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी, आणि वाटीभर दही किंवा ताक. खाताना कोशिंबीर, उसळ, वरण आधी आणि भात शेवटी घेतलास तर साखर सावकाश चढते. भात सोडायची काही गरज नाही, वरण-भात-तुपावर माझा राग नाही. अंडं खावंसं वाटलं तर खा. आजीची मी समजूत काढीन.

उन्हाचंही सांगून टाकते, कारण यात सगळेच चुकतात. सकाळचं कोवळं ऊन डोळ्यांवर पडलं की शरीराचं घड्याळ जागेवर येतं आणि रात्री झोप वेळेवर लागते. त्यासाठी ते हवंच. पण ड जीवनसत्त्व त्यातून फारसं मिळत नाही. त्यासाठी सूर्य वर आलेला असावा लागतो, साधारण अकरा ते दोन, आणि काचेतून येणारं ऊन चालत नाही. जेवणाच्या सुट्टीत बाह्या दुमडून पंधरा-वीस मिनिटं बाहेर उभा राहत जा. 11 चा आकडा एवढ्याने भरून निघणार नाही, पण गोळ्यांनी वर आला की पुन्हा घसरू नये म्हणून मदत होईल.

झोपेबद्दल एवढंच, की झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची असते. रविवारीसुद्धा सातलाच ऊठ. मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लाव. गजराला मी तुला आजोबांचं किल्लीचं घड्याळ देईन, अजून चालतं.

आता जे लिहायला मी सकाळपासून टाळते आहे ते.

यंदा तू ढोल बांधला नाहीस. इतकी वर्षं जून उजाडला की नदीपात्रात सरावाला पळायचास, हाताला फोड आले की मला तेल लावायला लावायचास. यंदा विसर्जनाच्या दिवशी टीव्हीवर लक्ष्मी रोडची मिरवणूक चालू होती, तुझंच पथक दिसलं, मी हाक मारली, आणि तू आत जाऊन दार लोटून घेतलंस. नंतर म्हणालास, "कंटाळा आलाय गं, कशातच मन लागत नाही." किती दिवसांपासून, विचारलं तर म्हणालास, एप्रिलपासून असेल.

ओंकार, याला आळस म्हणत नाहीत. जिवाभावाच्या गोष्टीतली गोडी जाणं आणि ते दोन आठवड्यांहून जास्त टिकणं, हे तापासारखंच एक लक्षण आहे. बी-12 कमी असल्यानेही थकवा येतो, उदास वाटतं, हातापायाला मुंग्या येतात. झोप मोडत राहिली की मन कोमेजतं. किंवा हे नैराश्यही असू शकेल. त्यातलं नक्की काय, ते मला इथे बसून कळणार नाही आणि तुला एकट्याला खोलीत बसून कळणार नाही. डॉक्टरांना रिपोर्ट दाखवशील तेव्हा हेही सांग, याच शब्दांत, "एप्रिलपासून कशात मन लागत नाही." लाजू नकोस. आमच्या वेळी असं कुणी म्हणालं की लग्न लावून द्यायचे नाहीतर गंडा बांधायचे. माझ्या एका मामेभावाचं असंच झालं, कुणी त्याला कधी विचारलंच नाही, आणि तो आयुष्यभर कोपऱ्यात बसून राहिला. मी तुला विचारते आहे.

मला सांगणं जड जात असेल तर मला नको सांगूस, मी रुसणार नाही. पण कुणाला तरी सांग. टेली-मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, 14416. फुकट आहे, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलतात. रात्री दोन वाजता फार अंधारून आलं तर तिथे फोन कर, किंवा मला कर. मी फोन उशाशी घेऊन झोपते, हे तुला ठाऊक आहे. आणि आठवड्यातून एकदा तुझ्या पथकातल्या पोरांना भेट. ढोल नको वाटला तर नको, नुसता चहा घे त्यांच्याबरोबर.

पुढच्या शनिवारी इकडेच ये. साडेआठला ताट वाढीन, मग तू, मी आणि बाबा तळजाईच्या रस्त्याने थोडं चालून येऊ. त्यानंतर पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. रविवारी सकाळी साडेसातला आपण माझ्या जुन्या लॅबमध्ये जाऊ. उपाशीपोटीचं सॅम्पल देऊ, घरी येऊन जेवशील, दोन तासांनी पुन्हा जाऊ. बाबांचंही त्याच दिवशी करून घेऊ, म्हणजे त्यांना मी सगळं सांगायचं निमित्त होईल.

आता रक्त मी काढत नाही, तिथे नवी मुलगी आहे, हात हलका आहे तिचा. मी शेजारी बसेन. तिला डावा हात दे. उजव्याची शीर तुझी लहानपणापासून सापडत नाही.

तुझी,
आई

ता. क. पित्ताच्या गोळ्यांचं पाकीट बरोबर आण. नाव आणि किती मिलिग्रॅमची आहे ते डॉक्टरांना दाखवायला लागेल.