मा. आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : रक्ताची तहान सलाइनवर भागत नाही

मा. आरोग्यमंत्री,
सप्रेम नमस्कार.

अपघात विभागातच रक्त आणि प्लाझ्मा (पेशी वगळून रक्तातला द्रव भाग) ठेवू, असं आपण जाहीर केलं होतं. प्रत्यक्षात सामानाची यादी आली ती शिरेतून द्यायच्या द्रवांची : नॉर्मल सलाइन म्हणजे मिठाचं पाणी, रिंगर लॅक्टेट म्हणजे क्षारांचं द्रावण, आणि हायड्रॉक्सिइथिल स्टार्च म्हणजे स्टार्चपासून बनवलेलं द्रव. रक्ताचा त्यात उल्लेखही नाही. आम्हाला संताप आला आहे आणि तो लपवावा असं वाटत नाही.

सलाइननं रक्तदाब चढतो, पण तेवढ्यापुरता. लिटरभर दिलं तर तासाभरानं जेमतेम पाव लिटर रक्तवाहिन्यांत उरतं. ते ऑक्सिजन वाहत नाही, उलट रक्त गोठवणारे घटक पातळ करतं. न तापवता दिलं की रुग्ण गार पडतो आणि गार अंगात गुठळी नीट धरत नाही. शिवाय लिटरमागे 154 मिलिमोल क्लोराइड असल्यानं रक्तातली आम्लता वाढते. रिंगर त्या मानानं बरं, पण डोक्याला मार असेल तर टाळावं, आणि त्यात कॅल्शियम असल्यानं रक्ताच्या नळीतून सोडू नये. स्टार्चचं काय सांगावं! अतिदक्षता विभागातल्या रुग्णांच्या मूत्रपिंडांना त्यानं अपाय होतो, हे 2012 च्या मोठ्या चाचण्यांत दिसलं. युरोपनं 2022 मध्ये त्याचे परवाने निलंबित करायचं ठरवलं. ते आमच्या यादीत कुणी घातलं?

वाहतं रक्त आधी दाबून धरायचं. रक्त येईपर्यंत 250 मिलिलिटरच्या टप्प्यांनी, वरचा रक्तदाब 80-90 राहील इतकंच द्रव द्यायचं. डोक्याला मार असेल तर मात्र दाब इतका खाली ठेवायचा नाही. मग लाल पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट 1:1:1 प्रमाणात. रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड मार लागल्यापासून तीन तासांच्या आत, 1 ग्रॅम दहा मिनिटांत, पुढचा 1 ग्रॅम आठ तासांत. रक्त गोठू नये म्हणून पिशवीत घातलेलं सायट्रेट रुग्णाच्या रक्तातलं, गुठळीला लागणारं कॅल्शियम बांधून टाकतं, म्हणून कॅल्शियम हाताशी हवं, वेगळ्या नळीतून. गोठवलेला प्लाझ्मा वितळायलाच वीस-तीस मिनिटं जातात, आणि तेवढ्यात माणूस जातो.

पण आपली सगळी व्यवस्था बाटल्या मोजते. बाटलीची निविदा निघते, बिल होतं. रक्तदाते, रात्रपाळीचा तंत्रज्ञ, शीतकपाट, द्रव तापवणारं यंत्र यांची खरेदीच्या तक्त्यात एक ओळही नसते, आणि मृत्यूच्या दाखल्यावर उशिराची नोंद कुणी करत नाही.

स्टार्च आजच यादीतून काढा. प्रत्येक अपघात विभागात ओ गटाचं रक्त आणि वितळवून ठेवलेला प्लाझ्मा कोणत्या तारखेपासून असेल, आणि रात्री दोन वाजता ते शीतकपाट कोण उघडेल, हे लेखी कळवा.

आपले,
अपघात विभागातील डॉक्टर व परिचारिका