जुन्या मण्यांची पारख हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात जुने दागिने मोडताना सोने तेवढे तोलले जाते आणि अकीक (एक कठीण रंगीत दगड), पोवळे, काचेचे मणी पुडीत बांधून परत मिळतात. ती पुडी बहुधा कपाटातच पडून राहते. असे मणी निवडून हाताने माळा ओवणाऱ्या काही भगिनी आता शहरातील प्रदर्शनांत दिसतात, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

मात्र या कामाला पारख लागते. गुजरातमधील खंबायतच्या अकीकाला बहुतेक वेळा दोन्ही टोकांकडून छिद्र पाडलेले असते, त्यामुळे मध्यभागी सुई किंचित अडते; तारेवर गुंडाळून घडवलेल्या काचमण्यात छिद्राभोवती वळणाच्या रेषा दिसतात, तर साच्यातल्या मण्यावर सांध्याची कड राहते. अकीकाची कठीणता मोहस् मापावर (खनिजांची कठीणता सांगणारे 1 ते 10 चे माप) 7 च्या आसपास आणि काचेची साधारण साडेपाच असल्याने दोन्ही शेजारी ओवल्यास काच झिजते. म्हणूनच पाटवेकरी, म्हणजे दागिने ओवून देणारे कारागीर, रेशमी दोऱ्याला दोन मण्यांमध्ये गाठ देत. ही गाठ शिकवू शकणारी वडीलधारी मंडळी अजून आपल्यात आहेत. महिला बचत गटांनी त्यांना आवर्जून बोलवावे.

परवा एका प्रदर्शनात नवे प्लास्टिकचे मणी ‘आजीच्या काळातले’ म्हणून विकले जाताना पाहिले आणि फार वाईट वाटले. मणी कशाचा, जुना की नवा, आणि दोरा कोणता, एवढे विक्रेत्यांनी चिठ्ठीवर लिहून द्यावे, ही विनंती.

आपली,
एक वाचक, शहापूर, बेळगाव