जुलाबाचं औषध मागणाऱ्या बापाबद्दल: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

नागपूर, डिसेंबर 2025

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

अधिवेशनासाठी आपण नागपुरात आहात. या दिवसांत यशवंत स्टेडियमवरून रोज मोर्चे निघतात आणि निवेदनांचे गठ्ठे आपल्यापर्यंत पोचत असतील. माझ्यामागे संघटना नाही आणि मला स्वतःसाठी काही मागायचंही नाही. मेडिकल चौकाच्या परिसरात माझं औषधाचं लहानसं दुकान आहे, सत्तावीस वर्षं झाली. गडचिरोली, गोंदिया, भंडारा, यवतमाळ, पलीकडून मध्य प्रदेशातल्या शिवनी, बालाघाट, छिंदवाडा, जिथून जिथून माणूस आजारी लेकरू घेऊन नागपुरात येतो, तो कधी ना कधी आमच्या काउंटरपाशी उभा राहतो. तिथून जे दिसलं, तेवढंच लिहितो. त्यात माझी एक चूक आहे. आधी तीच सांगतो.

गेल्या जुलैतली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ, बाहेर पाऊस. मौद्याकडचा एक बाप आला, खांद्यावर दीड वर्षाचं पोट्टं, मागे ओल्या पदराची बायको. ‘भाऊ, सकायपासून हगून राह्यलं, ओकून बी राह्यलं. काही कडक द्या ना जी, थांबलं पाह्यजे.’ हातात कुठल्याशा खासगी दवाखान्याची चिठ्ठी. तिच्यावर एक अँटिबायोटिक, एक उलटीचं, एक पोटातले चांगले जंतू वाढवणारं, आणि तळाशी घाईत खरडलेलं ‘ओआरएस’, म्हणजे जलसंजीवनी. जुलाबात ओआरएसच्या जोडीला द्यायचं झिंक नाही. मी तिन्ही औषधं काढली आणि चौथ्यासाठी फ्रिज उघडला. सफरचंदाच्या चवीचं गार पेय, खोक्यावर इंग्रजीतली ती तीन अक्षरं मोठ्या टायपात. बापाने ते पोराच्या गालाला लावलं. पोरगं हसलं. मीही हसलो.

ते ओआरएस नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरभर पाण्याला ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम, मीठ 2.6 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड दीड ग्रॅम आणि सायट्रेट 2.9 ग्रॅम असतं. हे प्रमाण उगाच ठरवलेलं नाही. ग्लुकोज आणि सोडियम आतड्यातून जोडीने शोषले जातात आणि जाताना पाणी ओढून नेतात. साखर त्याच्या कित्येक पट झाली की उलटं होतं, अंगातलं पाणी आतड्यात उतरतं आणि जुलाब वाढतात. हे मला माहीत होतं का? फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला शिकलो होतो. विकताना आठवलं नाही, किंवा आठवूनही गप्प बसलो, आज नक्की सांगता येणार नाही.

14 ऑक्टोबर 2025 ला एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, आदेश काढला की या सूत्राप्रमाणे नसलेल्या कुठल्याही पेयाच्या नावात ‘ओआरएस’ वापरता येणार नाही. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष त्यासाठी आठ वर्षं भांडत होत्या. आदेश आला त्या दिवशी मी फ्रिजमधली खोकी मोजली. एकोणीस होती. पावडरची पाकिटं शोधायला मात्र शिडी लावावी लागली. सगळ्यात वरच्या फळीवर, धूळ खात.

आता माझा मुद्दा. पाकिटं वर आणि खोकी फ्रिजमध्ये, असं का? मला स्वतःला वाटायचं, मार्जिन. पाकीट वीस-बावीस रुपयांचं, अत्यावश्यक औषधांच्या यादीतलं, दर सरकारने बांधलेला. त्याला कंपनीचा एमआर (औषध खपवणारा प्रतिनिधी) नाही, स्कीम नाही, दिवाळीला त्याची डायरी येत नाही. पण 2024 च्या फेब्रुवारीत ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला आणि माझी ही समजूत हलली. कर्नाटक आणि बिहारमधल्या दोन हजारांहून अधिक खासगी डॉक्टर-दुकानदारांकडे संशोधकांनी आपली माणसं पाठवली, लेकराला जुलाब लागलेत असं सांगणारा बाप बनवून. काही बाप गप्प राहिले, काहींनी ‘ओआरएस घेऊ का?’ असं स्वतःहून विचारलं. नुसत्या त्या विचारण्याने शंभरातल्या आणखी 27 ठिकाणी ओआरएस मिळालं. ओआरएस न देण्यामागे नफ्याचा आणि माल नसण्याचा वाटा प्रत्येकी जेमतेम पाच-सहा टक्के निघाला. सर्वात मोठा वाटा, सुमारे 42 टक्के, एका समजाचा होता: गिऱ्हाईकाला हे नकोच असतं.

वाचताना मी चपापलो, कारण तो मीच होतो. मौद्याच्या त्या बापाला पावडरचं पाकीट पुढे केलं असतं तर तो तोंड वाकडं करेल, ‘एवढ्या लांबून आलो अन् हे?’ म्हणेल, असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. त्याला विचारलंच नाही. आणि तो मागणार कसा? त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

साहेब, हे औषध आपल्याच मुलखातल्या चिखलात सिद्ध झालेलं आहे. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांची मिश्रणं पिंपात कालवली आणि पेला नातेवाइकांच्या हातात दिला. तीसच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. पाजणारे हात आयांचे होते, बापांचे होते. 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आणि 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या जुलाब झालेल्या मुलांपैकी ओआरएस मिळालेली 60.6 टक्के, झिंक मिळालेली 30.5 टक्के. म्हणजे दहातल्या जवळजवळ सात मुलांना झिंक मिळालंच नाही. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज 20 मिलिग्रॅम, चौदा दिवस. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की लोक गोळ्या बंद करतात. पुढचे दोन-तीन महिने जुलाब परत लागू नयेत म्हणून उरलेले अकरा दिवस असतात, हे पाकिटावर ठळक अक्षरात कुठेही छापलेलं नसतं.

खोकल्याची गोष्ट याच्या उलट. तिथे माणूस मागतो, आणि नको ते मागतो.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याकडची लेकरं मूत्रपिंडं निकामी होऊन नागपुरात यायला लागली, तेव्हा आमच्या भागात दोन आठवडे दुसरा विषय नव्हता. साधा सर्दी-खोकला, त्यावर एक सिरप, आणि त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन 48.6 टक्के. मर्यादा आहे 0.1 टक्का. वीसहून जास्त मुलं गेली, त्यातली कित्येक याच शहरात. लोक अर्धवट संपलेल्या बाटल्या घेऊन दुकानात यायचे आणि विचारायचे, ‘हे चालते का?’ कारखान्यावर कारवाई झाली, ती व्हायलाच हवी होती. पण चांगल्या कारखान्यातलं सिरपसुद्धा दोन वर्षांखालच्या मुलाला देऊ नये, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने त्याच ऑक्टोबरमध्ये पुन्हा सांगितलं. ते माझ्या गिऱ्हाइकापर्यंत अजून पोचलेलं नाही.

खोकणाऱ्या लेकराला आधी लागतं ते घड्याळ. पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांखालचं बाळ असेल तर साठ, वर्षाखालचं असेल तर पन्नास, पाच वर्षांपर्यंत चाळीस. आकडा तिथे किंवा त्याच्या वर गेला की न्यूमोनिया समजायचा. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल तर वाटच बघायची नाही. आमच्याकडच्या बाया ‘डबा झाला’ म्हणतात तो हाच. 2019 साली जगात पाच वर्षांखालची सात लाख चाळीस हजार मुलं न्यूमोनियाने गेली. पाण्यात विरघळणारी अमॉक्सिसिलिनची गोळी वेळेवर मिळाली असती तर त्यातली पुष्कळशी आज शाळेत असती.

ही मोजणी बिनशिकल्या बाईला जमते का? नागपूरपासून पावणेदोनशे किलोमीटरवर, गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने हा प्रश्न केव्हाच निकालात काढला. बाराच्या पुढे मोजता न येणाऱ्या दायांसाठी त्यांनी मण्यांची पट्टी आणि वाळूचं मिनिटाचं घड्याळ बनवलं. पुढे त्याच गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतल्यावर नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी उतरले, ते 1999 च्या ‘लॅन्सेट’मध्ये आलं. आज आशाताई बाळ जन्मल्यावर ज्या फेऱ्या मारतात, त्यांचं मूळ तिथे आहे. मोर्चात आशाताई दिसल्या तर एवढं आठवावं.

गेल्या महिन्यात देवलापारकडची एक आजी आठ महिन्यांचं नातवंड घेऊन आली. ‘खोकल्याची बाटली द्या.’ मी म्हटलं, आजी, लेकराला जरा खाली ठेवा. काउंटरवर टॉवेल अंथरला, झबलं वर केलं, मोबाइलवर मिनिट लावलं. मागे पाच गिऱ्हाइकं ताटकळत. पहिल्यांदा ते रडलं, मोजणी फुकट गेली. मग आजीने थोपटलं. अठ्ठावन्न. मी बाटली दिली नाही, ऑटो करून सरकारी दवाखान्यात पाठवलं. तीन आठवड्यांनी आजी परत आली, नात कडेवर, अंगावर नवा स्वेटर. मला फार बरं वाटलं. आजी म्हणाली, ‘आता तरी बाटली देता का?’

मला काय हवंय ते आजीच्या या वाक्यात आलं: काय मागायचं, ते लोकांना कळायला हवं. न्यूमोनियासाठी सरकारची ‘सांस’ मोहीम 12 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर चालते, म्हणजे आत्ता चालू आहे. जुलाबासाठी पावसाळ्यात वेगळी मोहीम असते. फलक लागतात, पण ते दवाखान्याच्या भिंतीवर, आणि त्यावर लिहिलेलं असतं कर्मचाऱ्याने काय करावं. बापाने काय मागावं, ते लिहा. प्रत्येक औषधाच्या दुकानात, किराणा दुकानात, एसटी स्टँडवर. ‘जुलाब लागले? पावडरचं ओआरएस आणि झिंक मागा. खोकला आहे? माझ्या बाळाचे श्वास मोजा, असं म्हणा.’ मराठीत, हिंदीत, गोंडीत, कोरकूत. पाकीट लिटरभर पाण्यात एकदम टाकायचं आणि चोवीस तासांत संपवायचं, हेही सांगा. लोक चमचा-चमचा पेल्यात कालवतात. घरात मापाचं भांडं नसतं, पण पाण्याची लिटरची रिकामी बाटली हल्ली सगळ्यांकडे असते.

दुसरं, सरकारी केसपेपरवर पाच वर्षांखालच्या मुलासाठी श्वासांचा एक चौकोन छापा. रिकामा चौकोन डोळ्यात खुपतो. आणि लोकांनी मागितल्यावर मिळायला हवं. ‘सांस’मध्ये आशाताईने अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस देऊन पुढे पाठवायचं असं ठरलेलं आहे, पण ती गोळी तिच्या पिशवीत आहे का? सरकारी चिठ्ठीवर झिंक ‘बाहेरून’ आणायला आलेली माणसं मी अजून पाहतो.

आपण म्हणाल, औषध दुकानं अन्न व औषध प्रशासनाकडे, मेडिकल आणि मेयो ही इथली सरकारी रुग्णालयं वैद्यकीय शिक्षणाकडे, अंगणवाडी महिला व बालविकासकडे, मेळघाटातले अर्धे प्रश्न आदिवासी विकासकडे. खरं आहे. काउंटरवर ठेवलेल्या लेकराच्या झबल्यावर खात्याचं नाव नसतं, इतकंच. हिवाळ्यात अधिवेशनासाठी हे सगळे मंत्री आमच्याच गावात असतात. हे वर्षातून एकदाच घडतं.

नवजात बाळांबद्दल मी जास्त लिहीत नाही. जगातल्या पाच वर्षांखालच्या मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे पहिल्या 28 दिवसांत होतात आणि ती लढाई माझ्या दुकानापर्यंत येतच नाही. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षाला आग लागून दहा बाळं गेली, त्याबद्दल आपल्याला माझ्याहून जास्त माहीत असायला हवं.

एक विनंती. मुंबईला परतण्याआधी एका संध्याकाळी गाड्यांचा ताफा लांब उभा करा, साधा शर्ट घाला आणि शहरातल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात जा. ‘दोन वर्षांच्या पोराला जुलाब लागलेत’ एवढंच म्हणा आणि गप्प राहा. काय हातात पडतं ते बघा. मग पुढच्या दुकानात तेच म्हणून ओआरएस आणि झिंक मागा. माझ्या दुकानात आलात तरी चालेल. रात्री अकरापर्यंत उघडं असतं.

आपला,
नागपुरातला एक औषध दुकानदार